जिद्द आहेच, आधी उशी तपासा

वाचकांचे प्रश्न : जखमी सैनिकांचे खेळ

मागच्या अंकात इन्व्हिक्टस गेम्सची ओळख करून दिली होती. सेवेत असताना जखमी झालेले, अपघातात सापडलेले किंवा आजारी पडलेले सैनिक आणि माजी सैनिक यांची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा. त्यावर आलेली निम्मी पत्रं ‘त्यांच्या जिद्दीला सलाम’ या वाक्यावर संपतात. सलाम पोहोचला. पण ज्यांच्या घरात असा सैनिक आहे, किंवा ज्यांना आपल्या गावात असा खेळ सुरू करायचा आहे, त्यांनी विचारलंय ते वेगळंच : कातडी का सोलते, टायरमध्ये हवा किती, नेट किती उंचीवर बांधायचं. या वेळची पानं त्यांच्यासाठी.

प्रश्न : दिव्यांगांसाठी पॅरालिम्पिक असताना सैनिकांसाठी वेगळी स्पर्धा कशाला? यात उगाच भेदभाव नाही का?
— एक वाचक, कोल्हापूर

गंमत अशी की पॅरालिम्पिकचाच उगम सैनिकांच्या रुग्णालयात आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी व्हीलचेअरवरच्या १६ माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली; त्यात दोन स्त्रिया होत्या. १९५२ मध्ये नेदरलँड्सचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. पुढे तिचंच पॅरालिम्पिक झालं, सर्वांसाठी खुलं झालं आणि आज तिथे पोहोचायला अव्वल दर्जाचा खेळाडू लागतो.

इन्व्हिक्टसचा हेतू निराळा आहे. अमेरिकेत जखमी सैनिकांसाठी ‘वॉरियर गेम्स’ भरतात. ते २०१३ मध्ये कोलोरॅडोत पाहिल्यावर प्रिन्स हॅरी यांनी ही कल्पना आंतरराष्ट्रीय पातळीवर नेली. पहिली स्पर्धा सप्टेंबर २०१४ मध्ये लंडनला झाली. मग ऑरलँडो (२०१६), टोरांटो (२०१७), सिडनी (२०१८), महासाथीमुळे दोन वर्षं लांबलेली हेग (२०२२), ड्युसेलडॉर्फ (२०२३) आणि व्हँकुव्हर-व्हिसलर (२०२५). पुढची जुलै २०२७ मध्ये बर्मिंगहॅमला ठरली आहे.

संघ निवडताना सर्वांत वेगवान कोण एवढंच पाहत नाहीत. खेळामुळे कोणाच्या सावरण्याला हातभार लागेल, हेही पाहतात. म्हणून पाय गमावलेला सैनिक, कर्करोगातून उठलेली सैनिक आणि युद्धातल्या मानसिक आघाताने झोप उडालेला सैनिक एकाच संघात असू शकतात. शेवटच्याला पॅरालिम्पिकमध्ये जागाच नाही, कारण तिथे ठरावीक शारीरिक, दृष्टीची किंवा बौद्धिक अक्षमता असावी लागते. तेव्हा भेदभाव म्हणण्यापेक्षा पॅरालिम्पिकच्या चाळणीतून जे गळून पडतात, त्यांच्यासाठी ही सोय आहे असं म्हणा.

अर्थात दोन्हीकडे चमकणारेही आहेत. अमेरिकी लष्करातली जलतरणपटू एलिझाबेथ मार्क्स २०१४ साली लंडनला आली ती स्पर्धेत उतरण्याआधीच फुप्फुसांच्या गंभीर आजाराने कोसळली. केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ रुग्णालयाने तिला वाचवलं. २०१६ मध्ये ऑरलँडोला सुवर्णपदक मिळाल्यावर तिने ते परत हॅरींच्या हाती दिलं आणि पॅपवर्थला पोहोचवायला सांगितलं. त्याच वर्षी रिओ पॅरालिम्पिकमध्येही ती जिंकली.

प्रश्न : व्हीलचेअर बास्केटबॉलच्या चित्रफितीत एक खेळाडू सामना संपल्यावर उठून चालत गेला! ही फसवणूक नव्हे काय?
— एक वाचक, चिपळूण

नव्हे. हा प्रश्न दर स्पर्धेनंतर येतो. या खेळात व्हीलचेअर हे खेळाचं साधन आहे, जशी सायकल. गुडघ्याखाली पाय गमावलेला माणूस कृत्रिम पायावर चालतो, पण धावत उडी मारून बास्केटबॉल खेळू शकत नाही. खुर्चीत बसला की खेळू शकतो.

समतोल राखायला गुण असतात. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रत्येक खेळाडूला १.० ते ४.५ गुण दिले जातात. पोट आणि पाठीचे स्नायू जवळजवळ चालतच नाहीत त्याला १.०, आणि धड पूर्ण ताब्यात आहे, किरकोळच अडचण आहे, त्याला ४.५. मैदानावरच्या पाचांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे नुसते ४.५ वालेच भरले तर तीनच बसतील, चौथ्याला जागा उरायची नाही. इन्व्हिक्टसचं वर्गीकरण स्वतःचं आणि सुटसुटीत आहे, शिवाय तिथे स्त्री-पुरुष एकाच संघात खेळतात. पण तत्त्व हेच.

खुर्चीचीही मापं ठरलेली आहेत. १.० ते ३.० गुणांच्या खेळाडूला आसनाची उंची उशीसकट ६३ सेंटिमीटरपर्यंत चालते, ३.५ आणि त्यावरच्यांना ५८ पर्यंतच. ज्याचं धड जास्त चालतं त्याला उंचीचा जास्तीचा फायदा नको, हे त्यामागचं कारण. रिंग मात्र नेहमीचीच, ३.०५ मीटरवर. चेंडू मांडीवर ठेवून चाकाला जास्तीत जास्त दोनदा रेटा देता येतो, मग ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणं) किंवा पास करावाच लागतो. आणि उंचावरचा चेंडू घ्यायला किंवा शॉट मारायला पायाचा जोर लावून आसनावरून अंग उचललंत तर फाउल. तुमचा तो ‘चालणारा’ खेळाडू नेमका इथे सापडतो. पायात ताकद आहे म्हटल्यावर मोह आवरत नाही.

प्रश्न : व्हीलचेअर रग्बीत खुर्च्या एकमेकींवर आपटतात त्या मोडत नाहीत का? आमच्या केंद्रातल्या साध्या खुर्च्यांवर सुरुवात करता येईल का?
— फिजिओथेरपीची विद्यार्थिनी, नाशिक

आधी दुसऱ्याचं उत्तर : टक्कर सोडून बाकी सगळं साध्या खुर्चीवर शिकवा. टक्कर अजिबात नको. घडीच्या खुर्चीचा मधला कैचीसारखा सांधा पहिल्याच धडकेत वाकतो, आणि पुढची छोटी चाकं अडकून माणूस तोंडावर पडतो.

हा खेळ कॅनडात, विनिपेगमध्ये, १९७० च्या दशकात हात-पाय दोन्ही बाधित झालेल्यांसाठी जन्मला. तेव्हाचं नाव ‘मर्डरबॉल’. मैदान बास्केटबॉलचंच, २८ × १५ मीटर. एका बाजूला चौघे. गुण ०.५ ते ३.५ आणि चौघांची बेरीज ८.०, संघात स्त्री खेळाडू असेल तर प्रत्येकीमागे अर्ध्या गुणाची सवलत. आठ-आठ मिनिटांचे चार डाव. चेंडू जवळ ठेवून खुर्चीची दोन चाकं ८ मीटर रुंद गोलरेषेपलीकडे गेली की गोल. दर १० सेकंदांत चेंडू आपटावा किंवा पास करावा लागतो, १२ सेकंदांत मध्यरेषा ओलांडावी लागते, ४० सेकंदांत गोल करावा लागतो. गोलसमोरच्या चौकटीत बचाव करणारे तीनच थांबू शकतात. हे आकडे पहिल्या दिवसापासून वापरा. घड्याळ नसेल तर जास्त ताकदीचा खेळाडू चेंडू मांडीवर घेऊन फिरतच राहतो आणि ०.५ वाल्याला काही कामच उरत नाही.

आता खुर्ची. ती घडीची नसून एकसंध जोडलेली असते. हल्ला करणाऱ्याच्या खुर्चीला पुढे गोलसर पंख असतात, कोणाला अडकता येऊ नये म्हणून. बचाव करणाऱ्याच्या खुर्चीला पुढे लांब जाळीदार बंपर, मुद्दाम अडकवण्यासाठी. आऱ्यांवर तबकड्या बसवतात, नाहीतर समोरच्याचा बंपर आऱ्यांत घुसतो आणि तुमची बोटंही. मागे आडवं पडू नये म्हणून छोटी चाकं. कमरेला, मांडीला आणि पावलांना पट्टे. पकड कमजोर असते म्हणून चिकट हातमोजे.

मोठी चाकं वर आत आणि खाली बाहेर अशी तिरकी असतात, साधारण १५ ते २० अंश. त्याने पाया रुंद होतो, वळण झटकन मिळतं आणि दोन खुर्च्या घासल्या तरी आधी चाकांचा खालचा भाग लागतो, बोटं वाचतात. तोटा एकच की खुर्ची नेहमीच्या दारातून जात नाही. केंद्राचं दार आधी मोजा!

बिघाड होतो तो बहुधा इथे : चाकं तिरकी असताना पुढची छोटी चाकं बदलली किंवा आसनाचा कल बदलला, की मोठी चाकं समांतर राहत नाहीत. मग खुर्ची ‘जड’ लागते आणि खेळाडूच दमलाय असं सगळे समजतात. आसाच्या उंचीवर दोन्ही चाकांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा. दोन्ही सारखं हवं. काही मिलिमीटरचा फरकही सामन्याच्या शेवटी खांद्यांत जाणवतो. हवेचं म्हणाल तर टायर बारीक, रेसिंग सायकलीसारखे, आणि दाब बहुधा १०० पीएसआयच्या वर. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा हाच शेवटचा शब्द. दाब पाहायचा गेजवर, अंगठ्याने दाबून नव्हे.

प्रश्न : माझे यजमान माजी सैनिक आहेत. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता त्यांना पळायचा सराव करायचा आहे. पंधरा-वीस मिनिटांत स्टंपच्या (उरलेल्या पायाच्या) टोकाला दुखायला लागतं, कातडी सोलते. ते म्हणतात, सवय होईल. होईल का?
— एक वाचक, सातारा

नाही होणार, ताई. घट्टे पडायला हवेत हा समज बुटांच्या बाबतीत थोडाफार खरा असेल. स्टंपच्या बाबतीत सोललेली कातडी म्हणजे काही दिवस कृत्रिम पाय बंद.

टोकाला दुखणं याचा बहुतेक वेळा अर्थ असा की स्टंप सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीत, जास्तच खाली उतरतोय. चालताना-पळताना स्टंपमधलं पाणी कमी होतं, तो बारीक होतो. सकाळी नीट बसलेलं सॉकेट अर्ध्या तासात सैल पडतं. टोकावर वजन येतं, गुडघ्याच्या वाटीची खालची कड टोचते आणि दर पावलाला स्टंप वर-खाली होतो. हे घासणंच कातडी सोलतं. यजमानांना असं करायला सांगा :

सराव थांबवून पाय काढायचा, स्टंप आणि लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण) दोन्ही कोरडे पुसायचे, एक पातळ मोजा म्हणजे एक प्लाय वाढवून पुन्हा घालायचं. एका वेळी एकच प्लाय. एकदम तीन-चार चढवले तर उलटं होतं : स्टंप पूर्ण खाली बसतच नाही, वर कडेला काचतो आणि टोकाला पोकळी राहून तिथे रक्त साकळतं. पिनवालं लायनर असेल तर पिन सॉकेटमध्ये अडकताना रोज सकाळी किती ‘टक’ वाजतात ते लक्षात ठेवायचं. जास्त वाजले तर सैल, कमी वाजले तर घट्ट. याहून सोपं माप नाही. दिवसभरात बरेच प्लाय वाढवायची वेळ येऊ लागली तर मात्र मोज्यांनी भागणार नाही, सॉकेट नवीन हवं.

घाम हा दुसरा वैरी. सिलिकॉनच्या लायनरमधून तो बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात दर वीस-तीस मिनिटांनी काढून पुसा. घाम कमी करणारं औषध लावायचं तर रात्री, कोरड्या आणि अखंड कातडीवर; सकाळी लायनरखाली लावलं तर आगआग होते. लायनर रोज बिनवासाच्या सौम्य साबणाने आतून धुवा आणि पूर्ण वाळवा. पावसाळ्यात वाळत नाही, म्हणून दोन लायनर आलटून-पालटून वापरलेले बरे. स्टंपवर वस्तरा फिरवू नका. खुंट आत वळून गळवं होतात.

रोज संध्याकाळी हातात आरसा घेऊन स्टंपची मागची बाजू बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला तर ठीक. नाही गेला, फोड आला किंवा पाणी सुटलं, तर पाय घालायचा नाही, कोण काही म्हणो. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि मुख्य मुद्दा : ते रोजच्या पायावर पळतायत का? रोजच्या पावलाला टाच असते, ते स्थिर उभं राहायला बनवलेलं असतं. पळण्याचा वळणदार ब्लेड वेगळा. वजन आणि धावण्याचा जोर पाहून त्याचा कडकपणा निवडतात, आणि जोडणीचा कोन प्रोस्थेटिस्टच (कृत्रिम पाय बसवणारा तज्ज्ञ) लावतो. दुसऱ्याचा ब्लेड मागून आणून बसवू नका. स्वतःचा मिळाला तरी पहिले काही आठवडे भरभर चालणं, मग थोडं पळणं-थोडं चालणं. मध्येच ‘कट्‌कट्’ आवाज आला तर थांबा आणि ॲडॉप्टरचे (सॉकेट आणि ब्लेड जोडणाऱ्या भागाचे) स्क्रू तपासून घ्या.

सैनिकांसाठी पुण्यातलं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून हेच काम करतंय. तिथे जाताना यजमानांना नवा-कोरा मोजा घालून नेऊ नका. जो पाय दुखतो, ज्या मोज्यांवर दुखतो, तेच घेऊन जा आणि सोललेल्या जागेचा फोटो दाखवा. तपासणीच्या दिवशी दुखणं हमखास गायब असतं.

प्रश्न : माझ्या भावाला मानेच्या मणक्याची इजा आहे. व्हीलचेअरवर सराव करताना मध्येच डोकं भयंकर ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम येतो. प्रशिक्षक म्हणतात ऊन लागलं. खरं का?
— एक वाचक, पिंपरी

हे वाचून आम्ही तुमचं पत्र रांगेत पुढे घेतलं. ऊन असेलही, पण छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्या माणसात ही लक्षणं आली की आधी एकच गोष्ट धरून चालायची : ऑटोनॉमिक डिस्रिफ्लेक्सिया. इजेच्या खाली शरीराला काहीतरी त्रास होतोय, त्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचत नाही, पण खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब भसकन चढतो. यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि फसगत अशी की अशा माणसाचा नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० दिसला की बघणारे ‘थोडासाच वाढलाय’ म्हणतात. त्याच्यासाठी तो धोक्याचा आहे.

लगेच करायचं ते या क्रमाने. आडवं पाडायचं नाही, ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे; आडवं केलं तर दाब आणखी चढतो. पट्टे, बूट, मोजे, पोटाचा पट्टा सैल करायचा. मग लघवीची नळी : पिळली गेलीय का, मांडीच्या पट्ट्याखाली दबलीय का, पिशवी भरलीय का? दहातल्या बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. नळी नसेल आणि ठरावीक वेळाने कॅथेटर घालत असेल तर आत्ता घालायचा. त्यानंतर शौचाचा भार, आणि मग कातडी : नख रुतलंय, चिमटा बसलाय, चटका बसलाय, खाली काही टोचतंय का. दर काही मिनिटांनी दाब मोजायचा. उतरत नसेल तर थेट रुग्णालय, आणि तिथे ‘मणक्याची इजा, डिस्रिफ्लेक्सिया’ हे शब्द स्वतः उच्चारायचे. डॉक्टरांनी आधीच यासाठी औषध लिहून दिलं असेल तर ते सरावाच्या बॅगेत असलंच पाहिजे.

चढलेल्या दाबाने काही काळ कामगिरी सुधारते. म्हणून काही खेळाडू मुद्दाम नळी दाबून ठेवत. त्याला बूस्टिंग म्हणतात आणि त्यावर बंदी आहे. पॅरा खेळांत सामन्याआधी वरचा दाब १६० किंवा जास्त निघाला तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजतात. तरीही तसाच असेल तर खेळू देत नाहीत.

उन्हाचं म्हणाल तर तोही धोका खराच आहे. इजेच्या खाली घाम येत नाही, शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. मानेच्या इजेत तर जवळजवळ नाहीच. स्प्रेच्या बाटलीने चेहरा, मान, हात भिजवत राहा, ओला टॉवेल मानेवर, पंखा समोर. बर्फ थेट कातडीवर नको; संवेदना नाही तिथे तो भाजतो. उन्हात तापलेली खुर्चीची नळीही तशीच.

एक जोडून सांगतो, तुम्ही विचारलं नसलं तरी. खेळाच्या खुर्चीची उशी पातळ असते आणि गुडघे वर, कंबर खाली अशी बैठक असते. सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर. दर पंधरा ते तीस मिनिटांनी मांड्यांवर पुढे वाकून एक-दोन मिनिटं भार काढायचाच. सराव संपला की रोजच्या खुर्चीत जायचं. खेळाच्या खुर्चीत बसून चहा-गप्पा नकोत. बेडसोअर झाला तर कित्येक महिने पालथं झोपून काढावे लागतात, आणि मोसम तिथेच संपतो.

प्रश्न : शाळेच्या हॉलमध्ये सिटिंग व्हॉलीबॉल सुरू करायचं आहे. गावात दोन माजी सैनिक आणि काही दिव्यांग मुलं आहेत. खर्च किती, काय लागेल?
— क्रीडाशिक्षक, अहिल्यानगर

सर, हॉलमध्ये बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं असेल तर खर्च जवळजवळ शून्य. सिटिंग व्हॉलीबॉलचं कोर्ट १० × ६ मीटर आणि बॅडमिंटनचं १३.४ × ६.१. बाजूच्या रेषा तशाच चालवा, मागची रेषा नेटपासून ५ मीटरवर चिकटपट्टीने आखा आणि हल्ल्याची रेषा २ मीटरवर. बॅडमिंटनचंच नेट खाली उतरवा : वरची कड पुरुषांसाठी १.१५ मीटर, स्त्रियांसाठी १.०५. मुलांना आणखी खाली चालेल. सरावाला हे नेट पुरतं. चेंडू नेहमीचाच, पण सुरुवातीला हलका घ्या.

एका बाजूला सहा जण. नेहमीच्या खेळात नसलेली मुभा इथे आहे : समोरच्याची सर्व्हिस ब्लॉक करता येते. मुख्य नियम हा की चेंडूला हात लावताना ढुंगण जमिनीवर टेकलेलं हवं; मागच्या भागात बचाव करताना क्षणभर सुटलं तर चालतं. पाय समोरच्या कोर्टात गेले तरी अडथळा होत नसेल तर फाउल नाही.

नवख्यांची चूक ठरलेली. चेंडू आला की आधी हात वर जातात. मग सरकायचं कशाने? या खेळात हात हेच पाय आहेत. पहिले चार-पाच वर्ग चेंडूशिवाय, फक्त हातांनी मागे-पुढे-बाजूला सरकणं. फरशी पुसून घ्या, खडा राहिला तर संवेदना नसलेल्या मांडीला जखम होते आणि कळतही नाही. लांब, जाड कापडाची पँट घालू द्या. कृत्रिम पाय काढून ठेवतात. त्यांची जागा कोर्टाबाहेर लांब, नाहीतर कोणीतरी अडखळून पडतं.

प्रश्न : इनडोअर रोइंगमध्ये मशीनच्या बाजूचा आकडा १० वर ठेवला तर जास्त गुण मिळतात का?
— एक वाचक, न्यू जर्सी

नाही. तो आकडा हवा आत येण्याची झडप किती उघडी आहे एवढंच सांगतो. अंतर मोजताना मशीन त्याचा हिशेब करतंच. १० वर ओढणं जड होतं, चौथ्या मिनिटाला पाठ मोडते.

इन्व्हिक्टसमध्ये दोन प्रकार असतात : एक मिनिटाचा आणि चार मिनिटांचा, आणि किती मीटर गेलं ते मोजतात. मशीनच्या पडद्यावर ‘ड्रॅग फॅक्टर’ (ओढताना हवेचा प्रत्यक्ष अडथळा किती, तो आकडा) बघा आणि पाय वापरणाऱ्याने ११० ते १३० च्या आसपास सुरुवात करा. धुळीने भरलेल्या मशीनवर हाच ड्रॅग मिळवायला आकडा बराच पुढे न्यावा लागतो. म्हणून व्यायामशाळेतला ‘माझा पाच नंबर’ स्पर्धेतल्या मशीनवर लागू पडत नाही. पाय न वापरणाऱ्यांची सीट सरकत नाही, छातीला किंवा कमरेला पट्टा बांधतात. पट्टा बरगडीच्या खालच्या कडेवर आला तर श्वासच घेता येत नाही, तो दोन बोटं वर घ्या.

प्रश्न : भारताचा संघ इन्व्हिक्टसमध्ये का दिसत नाही? आपल्याकडे जखमी सैनिकांनी खेळायचं ठरवलं तर जायचं कुठे?
— माजी सुभेदार, सांगली

२०२५ पर्यंतच्या स्पर्धांत भारतीय संघ उतरलेला नाही. सहभागी देशांच्या वर्तुळात प्रवेश निमंत्रणाने मिळतो, तिथे वैयक्तिक अर्ज करून जाता येत नाही. पण सुभेदारसाहेब, या बाबतीत आपली परंपरा इन्व्हिक्टसहून कितीतरी जुनी आहे आणि तिचा मोठा भाग तुमच्या-आमच्या दारात आहे. तुमच्याच जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर ईएमईचे (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलाचे) जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग पॅरालिम्पिकला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडावं लागलं, ही वेगळी गोष्ट!

आज लष्कराचा आर्मी पॅरालिम्पिक नोड खडकीला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आहे. पॅरिस २०२४ मध्ये बसून फेकणाऱ्यांच्या एफ-५७ गटात १४.६५ मीटर गोळा फेकून कांस्य मिळवणारे नागालँडचे होकातो सेमा इथलेच. २००२ मध्ये काश्मीरमध्ये सुरुंगाने त्यांचा पाय गेला होता. गोळाफेकपटू सोमन राणाही इथलेच. जागतिक लष्करी स्पर्धांतही आता पॅरा प्रकार आलेत. २०१९ मध्ये वुहानला आनंदन गुणसेकरन यांनी १००, २०० आणि ४०० मीटर तिन्ही जिंकल्या.

सेवेत असलेल्याने आपल्या युनिटमार्फत नोडकडे विचारणा करावी. निवृत्ताने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि राज्य पॅरालिम्पिक संघटना असे दोन्ही दरवाजे ठोठवावेत. मणक्याची इजा असेल तर खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. सोबत वैद्यकीय मंडळाचे कागद, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र). प्रमाणपत्रावरचे टक्के आणि खेळातला गट यांचा संबंध नसतो, हे आधीच समजून घ्या. ६० टक्केवाला गटात बसत नाही आणि ४० टक्केवाला बसतो असंही होतं, आणि त्यावर भांडून उपयोग नसतो.

प्रश्न : बसून गोळा फेकण्याची खुर्ची गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

येईल, आणि बहुतेकांची पहिली खुर्ची तशीच होते. मापं अशी द्या. आसनाची उंची उशीसकट ७५ सेंटिमीटरहून जास्त नको. म्हणून फ्रेम ७५ ची करून वर उशी ठेवाल तर मोजणीत बाद. आधी उशी ठरवा, मग पाय कापा. आसन चौकोनी किंवा आयताकृती, प्रत्येक बाजू किमान ३० सेंटिमीटर, सपाट किंवा मागे किंचित उतरतं. पुढे उतरतं चालत नाही. पकडायचा दांडा एकसंध, सरळ. सांधा, स्प्रिंग काही नको, आणि फेकताना तो लवता कामा नये. पाय टेकायची पट्टी चालते, पण ती फक्त आधाराला. सगळी खुर्ची २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात मावली पाहिजे, पायपट्टीसकट.

खुर्ची चारही कोपऱ्यांना पट्ट्यांनी जमिनीतल्या कड्यांना आवळतात. एक पट्टा पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की समोरचा पाय अधांतरी राहतो आणि फेकीच्या क्षणी खुर्ची डुलते. समोरासमोरचे कोपरे थोडे-थोडे आवळत जा, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. मांडीचे पट्टे न ताणणाऱ्या कापडाचे. गुडघ्याच्या मागच्या वळणापासून बैठकीच्या हाडापर्यंतचा भाग आसनाला टेकलेलाच राहायला हवा. उचलला गेला की फेक बाद. एफ-५७ पुरुषांचा गोळा ४ किलोचा. सहाही फेकी बहुधा सलग होतात, तेव्हा सरावही सलग सहाचाच करा. एकेक फेकून विश्रांती घेणाऱ्याचे चौथ्यानंतरचे आकडे घसरतात.

प्रश्न : हिवाळी खेळांत व्हीलचेअरवरून कर्लिंग म्हणजे दगड कसा ढकलतात?
— एक वाचक, मिसिसागा

व्हँकुव्हरला २०२५ मध्ये इन्व्हिक्टसमध्ये प्रथमच हिवाळी प्रकार आले, त्यांतला हा एक : बर्फावर जड दगड सरकवत नेऊन आखलेल्या वर्तुळात थांबवायचा खेळ. दगड नेहमीचाच, १९ किलोच्या आसपास. खुर्ची ब्रेक लावून जागेवर उभी करायची; मागून एक साथीदार ती धरतो, कारण बर्फावर ब्रेक लावलेली खुर्चीही मागे घसरते. लांब काठीचं टोक दगडाच्या मुठीला अडकवून दगड पुढे सोडायचा. पुढे झाडू मारून दगडाची वाट सुधारायची सोय यात नाही. सुटताना चूक झाली की झाली, म्हणून दगड सोडताना मनगट वळू न देणं हाच निम्मा सराव.